वीस बाजूंच्या फाशावर तेवीस

माझ्या भाऊजींना खोटं खपत नाही. म्हणजे खेळात खपत नाही. बाहेर त्यांचं छान चाललेलं असतं.

ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही वेगळा क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा माणूस स्टिअरिंगला लटकून घाम गाळत असतो आणि भाऊजी शेजारी बसून, खिडकीबाहेर बघत, पायांनी सगळी गाडी चालवत असतात. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमलं. चौकाला एक फेरी झाली की भाऊजी म्हणतात, "जमतंय. परीक्षेला तयार." मग तो गृहस्थ परीक्षेच्या दिवशी गाडी फुलांच्या वाफ्यात घालतो, आणि भाऊजी म्हणतात, त्याचं नशीब.

हाच माणूस रविवारी दुपारी उंटावरचा शहाणा होतो.

रविवारी स्कूल बंद असतं, तेव्हा तिथल्याच खोलीत आम्ही चौघं एक खेळ खेळतो. एकाने गोष्ट सांगायची, ते भाऊजी. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. पात्राला काही अवघड करायचं असलं, भिंत चढायची, कुलूप उघडायचं, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा मोठा आला की जमलं. टेबलावर रस्त्याचे नियम शिकवायचा रंगवलेला पाट आणि खेळण्यातल्या गाड्या असतात, त्याच आमचं सैन्य. लाल ट्रक म्हणजे डाकू.

इतका सरळ खेळ. पण भाऊजींना सरळ काही चालतच नाही. "खऱ्या आयुष्यात असं होतं का?" हे त्यांचं पालुपद. भिंत चढायची? मग हातमोजे आहेत का, दोर सुती की काथ्याचा, सकाळी पोटभर खाल्लंय का, प्रत्येकाचा एकेक आकडा वजा. पोहता येतं? तळ्यात शिकलास की नदीत? तळ्यात शिकला असशील तर नदीत चार वजा. माझा एक शूर योद्धा अशाच हिशेबात गुडघाभर पाण्यात बुडून मेला. घोड्यांचे नियम तर त्यांनी असे लिहिलेत की तबेलेवाल्याने पाया पडावं. स्वतः घोड्याच्या जवळ ते आयुष्यात एकदाच गेले, तेव्हा घोड्याने त्यांची टोपी खाल्ली.

आमच्यातली डॉक्टरीणबाई दुसऱ्या टोकाची. ती दातांची डॉक्टर. तिचं म्हणणं, एकच फासा टाका, काय ते ठरवा आणि पुढे चला. दाढ उपटतानाही ती "थोडंसं टोचेल" एवढ्यात सगळं गुंडाळते. तिच्या हाती खेळ दिला तर चहा निवायच्या आत राज्य जिंकून होईल, आणि ते कसं जिंकलं हे कुणालाच कळणार नाही. या दोघांचा काथ्याकूट ऐकत मी वर्षानुवर्षं शेंगदाणे खात आलोय. मी चपलांच्या दुकानात विक्रेता आहे. गिऱ्हाईक चार पावलं चालतं आणि म्हणतं, बसतेय. चावली की परत येतं. जग असंच चालतं, त्यावर नियम काय लिहायचे?

चौथी माझी ताई, म्हणजे भाऊजींची बायको. तिचं पात्र गाडीवान. बाहेरही ती तीच आहे. आमच्या वडिलांची बेकरी होती आणि पावाची व्हॅन लग्नाआधीपासून ताईच चालवायची. अशा गल्ल्यांतून की जिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात शिरावं. लग्नानंतर व्हॅन विकली गेली, आणि ताई ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलावर फोन घ्यायला बसली.

हल्ली शिकायला बायका पुष्कळ येऊ लागल्या. त्यांना बाईच शिकवायला हवी होती. स्कूलच्या मालकीणबाईंनी ताईला विचारलं, आणि ताईचा चेहरा असा उजळला की व्हॅन विकल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. पण मालकीणबाई पडल्या रीतीच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीच बघा आणि सांगा. तुम्ही तयार म्हणालात की मी त्यांना घेते."

वाफ्यात गाडी घालणाऱ्याला एका फेरीत तयार म्हणणारा माणूस. बायकोला काय वेळ लागणार होता?

"अजून नाही," भाऊजी म्हणाले. मग रोज संध्याकाळी तिला घेऊन निघू लागले. चढावर थांबव. आता ओल्या रस्त्यात थांबव. आता समज, मागे ट्रक आहे. समज, पुढून मांजर आलं. समज, शिकणारी बाई रडायला लागली आणि तिने स्टिअरिंग सोडलं. ताई सगळं करायची. घरी येऊन ते म्हणायचे, "रात्रीचं बघायला पाहिजे." रात्रीचं बघितलं की, "धुक्यातलं राहिलंय." धुकं आमच्याकडे पडत नाही.

ताई मला म्हणाली, "अरे, मी चुकले तर मला कळेल तरी. हे चूकच सांगत नाहीत. नुसतं अजून एक काढतात."

मालकीणबाईंनी शेवटी सांगून टाकलं, येत्या सोमवारपर्यंत कळलं नाही तर त्या बाहेरून कुणाला तरी आणतील. मधे एकच रविवार उरला होता. त्या दिवशी आम्ही नेहमीसारखे खेळायला बसलो, आणि मालकीणबाई विसरलेली छत्री न्यायला आल्या त्या गंमत बघत तिथेच टेकल्या.

गोष्टीत माझं पात्र जखमी होऊन ताईच्या घोडागाडीत पडलं होतं. मागे डाकू. समोर डोंगराचा उतार.

"मी गाडी उतारावरून खाली घेते," ताई म्हणाली.

भाऊजींनी चष्मा पुसला. तेव्हाच मला कळलं, आता माझं मढं निघणार. रस्ता ओला, तीन वजा. चाकाला वंगण नाही, दोन वजा. उजवा घोडा चिडका. गाडीत जखमी, म्हणजे वजन एका बाजूला. हा रस्ता गाडीवानाने आधी पाहिलेला नाही. बेरीज-वजाबाकी करून त्यांनी पेन्सिल ठेवली. "तेवीस लागतील."

"अहो, वीस बाजूंच्या फाशावर तेवीस कुठून आणायचे?" डॉक्टरीणबाई ओरडली. "तिला एक साधा फासा टाकू द्या ना!"

"खऱ्या आयुष्यात..." भाऊजींनी सुरुवात केली.

"थांबा," ताई म्हणाली. "डाकूंची गाडी त्याच उतारावरून येतेय ना? तिचं काय?"

भाऊजींनी फासा टाकला. सात पडले. त्यांनी लाल ट्रक उचलून पाटाच्या खालच्या टोकाला ठेवला. "ते उतरले."

"वंगण? चिडका घोडा?"

"त्यांना सवय आहे गं."

"तुम्ही पाहिलंत त्यांना सवय करताना?"

मालकीणबाईंना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लाल ट्रक कसा खाली पोचला ते त्यांनी नीट पाहिलं होतं. मलाही त्या क्षणी लख्ख दिसलं. वर्षानुवर्षं मी ज्याला खरेपणाचं वेड समजत होतो, ते वेडबिड काही नव्हतं. या माणसाला तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती, एवढंच. हो म्हणायचं असलं की एक फेरी पुरते. नाही म्हणायचं असलं की धुकं लागतं. माझा योद्धासुद्धा पाण्याने मेला नव्हता. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी भाऊजींच्या नव्या बुटांना हसलो होतो. मला भयंकर राग आला.

ताईने फासा बाजूला सारला आणि भिंतीवरची गाडीची चावी काढली. "चला. सगळेच चला."

मागे मालकीणबाई, डॉक्टरीणबाई आणि मी असे कोंबून बसलो. भाऊजी आपल्या जागी, आपल्या ब्रेकपाशी. ताईने आरसा सारखा केला आणि म्हणाली, "पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"मांडी घाला. वर."

शिकवणारे मास्तर बूट काढून सीटवर मांडी घालून बसले. जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखे, फक्त समोर ताट नव्हतं. डॉक्टरीणबाईने तोंडात पदर कोंबला.

ताई निघाली. बाजारातून, हातगाड्यांच्या मधून, शाळेमागच्या त्या बोळातून जिथे मी सायकलही हातात धरून नेतो. पुढे रस्ता बंद होता. तिने गाडी उलटी घेतली आणि अख्खा बोळ मागे मागे आली, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी कुंड्या. एकही कुंडी हलली नाही. मालकीणबाई माझ्या कानात म्हणाल्या, "अगंबाई." पुढचा चढ, त्यावर थांबणं, पुन्हा निघणं, लोण्यातून सुरी जावी तसं सगळं. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ताई चक्क गुणगुणायला लागली. बेकरीच्या व्हॅनमध्ये गुणगुणायची तशी.

आणि गाडी धाडकन थांबली. माझं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

रस्ता रिकामा होता. ताईने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग शेजारी. भाऊजींची मांडी सुटली होती आणि त्यांचा मोजा घातलेला पाय ब्रेकवर होता.

"कोण आडवं आलं?" ताईने विचारलं.

"मांजर," भाऊजी म्हणाले.

"मला तर नाही दिसलं," मालकीणबाई मागून म्हणाल्या.

मी टोमणा तयार ठेवला होता. कानामागून आली आणि तिखट झाली, हेच झोंबतंय ना भाऊजी? पण त्यांचा चेहरा बघून तो माझ्या घशातच राहिला.

"मी भ्यालो," ते म्हणाले.

"मी कुठे ठोकेन म्हणून?"

"नाही." त्यांनी पाय ब्रेकवरून काढला नव्हता. "ठोकणार नाहीस म्हणून. उद्यापासून बायका तुझ्याकडे येतील. मग पुरुषही येतील. मला गाडी शिकवता येत नाही गं. मला फक्त ब्रेक दाबता येतो."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. ती काही तरी गोड बोलेल असं मला वाटलं, कारण ती नेहमी तसं बोलते. तिने फक्त किल्ली फिरवली आणि गाडी पुन्हा सुरू केली.

या वेळी तिला सांगावं लागलं नाही. भाऊजींनी आधी एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि दोन्ही बूट मांडीवर घट्ट धरून ते पुढचा रस्ता बघत बसले.