स्वादुपिंडाचं पान

"सोबत कोण आहे?" सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी विचारलं. माझ्या पोटावरची गार जेली अजून पुसायची होती.

"मीच हाय की," मी म्हणालो. "पोट माझंच हाय."

ते हसले नाहीत. त्यांनी बाहेर बसलेल्या जगनला, माझ्या धाकट्या भावाला, आत बोलावलं. जगन जालन्यात हायस्कूलला शिक्षक आहे. दोघं मशीनच्या पडद्यासमोर उभे राहून इंग्रजीत बोलू लागले आणि मी त्यांच्या कमरेच्या उंचीवर टेबलावर पडून ऐकत राहिलो. तीन शब्द पकडता आले: सीबीडी, डायलेटेड, हेड. मग जगन माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, पित्ताच्या नळीला थोडा अडथळा हाय. खडा असंल. संभाजीनगरला दाखवून घेऊ."

मी जालना जिल्ह्यातल्या आष्टीचा. मोसंबीच्या बागा, फळं झाडावर असतानाच, उक्त्या घेतो, म्हणजे न मोजता, नुसत्या नजरेच्या अंदाजावर. "थोडा" हा शब्द मला चांगला ठाऊक आहे. बागवाला "थोडी गळ झाली" म्हणतो, तेव्हा अर्धी फळं मातीत असतात.

तो दिवस माझ्या आजाराचा पहिला दिवस नव्हता. तीन आठवडे तर मीच वाया घालवले होते. ते कसे, हे आधी सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी आत्ता, या घडीला, एखाद्याच्या डोक्यावर माळ असणार.

सुरुवात लघवीपासून झाली. कोऱ्या चहासारखी लाल व्हायला लागली. मग तळहात खाजायला लागले, मग पाठ, मग सगळं अंग. शौच उलटं पांढरट व्हायला लागलं, चुना कालवल्यासारखं. बायकोनं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितलं आणि म्हणाली, "कावीळ हाय." पोट मात्र दुखत नव्हतं, त्यामुळे मी बिनधास्त होतो.

कावीळ झाली की आमच्याकडे माळ घालतात. वाटूर फाट्याच्या पुढे एका खेड्यात एक म्हातारे ती देतात. कसल्यातरी झाडाच्या ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात. माळ डोक्यावर टोपीसारखी ठेवायची. दिवसागणिक ती लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात उतरते, गळ्यातून छातीवर येते. माळ उतरली की कावीळ उतरली. तोवर हळद बंद, तेल बंद, उसाचा रस सुरू. म्हातारे एक रुपया घेत नाहीत. मी तिथंच फसलो. माझं सगळं आयुष्य घासाघिशीत गेलं. जो काहीच मागत नाही त्याच्यावर संशय कुठून घ्यायचा, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

माझी माळ छान उतरली. सोनोग्राफीच्या दिवशी ती बेंबीपर्यंत आली होती आणि डॉक्टरांना ती बाजूला सारून मशीन फिरवावं लागलं. डोळे मात्र पहिल्यापेक्षा पिवळे होते.

संभाजीनगरला भरती व्हायचं म्हणून कपडे घ्यायला घरी गेलो. म्हाताऱ्यांनी एक तुटली तर असावी म्हणून दोन माळा दिल्या होत्या. दुसरी तीन आठवडे खुंटीवर होती. टांगली तेव्हा ती मूठभर होती, आता हातभर लोंबत होती.

मी बायकोला हाक मारली. "इकडं ये. भिंतीला कुठली कावीळ झाल्ती?"

तिथंच खाली बसून मी माळ सोडवून बघितली. काडी ओली असते तेव्हा फुगलेली असते आणि तिच्याभोवतीची गाठ घट्ट बसते. काडी सुकते, बारीक होते, गाठ ढिली पडते, आत अडकलेला दोरा मोकळा होतो. एवढंच. माझ्या डोक्यावर काय, खुंटीवर काय, ती लांबणारच होती. मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मजा वाटली. एका वस्तूच्या आत काय चाललंय ते कळलं होतं. मग वाटलं, माळेचं कळलं, पोटाचं का कळू नये?

माझी मुलगी अर्चना नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टी काढून ती माझ्यासोबत दवाखान्यात राहायला आली. येताना मी तिला शरीररचनेचं पुस्तक आणायला लावलं.

"पप्पा, तुम्ही पडून राहा ना. पुस्तक काय करता?"

"बाग बघितल्याबिगर मी सौदा करतो का?"

दवाखान्यात वाट बघणं भरपूर असतं. रक्ताच्या रिपोर्टची वाट, सीटी स्कॅनची वाट, राउंडची वाट. त्या सगळ्या वेळात आम्ही शिकलो. यकृत, म्हणजे लिव्हर, कुठं असतं म्हणून तिनं विचारलं. मी छातीखाली डावीकडे हात ठेवला. तिनं मनगट धरून हात उजवीकडे आणला, फासळ्यांच्या आत. "इतका जड अवयव, पप्पा, दीड किलोच्या आसपास, आन् तुम्हाला पत्ता न्हाई!" श्वास घेतला की छाती आणि पोटामधला पडदा खाली सरकतो आणि यकृतही खाली सरकतं. मी दिवसभर बोटं फासळीखाली खुपसून श्वास घेत बसलो. शेजारच्या खाटेवरचे जाफराबादचे काका म्हणाले, "काय हरवलंय का तुमचं?"

बिलिरुबिन हा शब्द सारखा कानावर पडत होता. तो काय प्रकार आहे ते इथं लिहून ठेवतो, कारण मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. रक्तातल्या लाल पेशी साधारण चार महिने जगतात. म्हाताऱ्या पेशी प्लीहेत, म्हणजे स्प्लीनमध्ये, मोडल्या जातात. त्यांच्यातून एक पिवळा रंग उरतो, तेच बिलिरुबिन. यकृत तो रंग पित्तात मिसळतं, पित्त नळीनं आतड्यात सोडतं आणि शौचाला रोजचा रंग येतो. म्हणजे आपण रोज सकाळी जे बघून पाणी टाकतो, तो आपल्याच मेलेल्या रक्ताचा रंग असतो. नळी तुंबली की रंग आतड्यात जात नाही, म्हणून शौच पांढरं. तो परत रक्तात शिरतो, म्हणून डोळे पिवळे. मूत्रपिंडं तो गाळून टाकतात, म्हणून लघवी लाल. तीन आठवडे मी जे नुसतं बघत होतो ते एका परिच्छेदात लिहिलेलं होतं. आमच्या शाळेत हे होतं की नाही देव जाणे. सातवीनंतर मला बागेवर जावं लागलं, जगन शिकत राहिला. ते दुखणं जुनं आहे, पण या दवाखान्यात ते रोज नव्यानं ठणकत होतं, कारण डॉक्टर आले की आधी जगनशीच बोलत.

मग एंडोस्कोपी झाली. तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, बसवली. "तिथं साफसफाई केली," जगननं सांगितलं. दोन दिवसांत खाज कमी झाली. तिसऱ्या सकाळी शौचाला रंग आला. मी संडासातून ओरडलो, "अर्चना! पिवळं!" सगळ्या वॉर्डला कळलं. असा आनंद मला बाग विकून कधी झाला नाही.

त्याच दुपारी पुढचा धडा. यकृत झालं, पित्ताशय झालं, जठर झालं. मग अर्चनानं दोन पानं एकदम उलटली आणि लहान आतड्यावर आली.

"मधलं?"

"ते परीक्षेला न्हाई, पप्पा."

बागवाला मला एखाद्या ओळीतून भरभर पुढे नेतो, तेव्हा मी मान हलवत त्याच्यामागं जातो आणि तो पाणी प्यायला वळला की त्या ओळीत परत येतो. अर्चना चहा आणायला गेली. मी पानं मागं उलटली. स्वादुपिंड. पँक्रियाज. जठराच्या मागं आडवं पडलेलं, मिरचीसारखं, एका बाजूला जाड. लहान आतड्याची सुरुवात इंग्रजी सी अक्षरासारखी वळते आणि त्या वळणात स्वादुपिंडाचं जाड टोक बसतं. त्या टोकाला हेड म्हणतात. पित्ताची नळी, सीबीडी, तिथूनच खाली जाते. दोन्हींचा रस एकाच तोंडातून आतड्यात पडतो. त्या तोंडाला अँप्युला म्हणतात.

हेड. टेबलावर पडून ऐकलेला तिसरा शब्द.

खडा असता तर दुखलं असतं, असं पित्ताशयाच्या पानावर होतं. माझं दुखलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि अर्चनानं आणलेला चहा प्यायलो. तिला विचारलं नाही. तिला कुणीतरी शपथ घातलेली असणार आणि ती कुणी, हेही मला कळत होतं.

संध्याकाळच्या राउंडला सर्जन मॅडम आल्या. जगन लगेच त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मी म्हणालो, "मॅडम, खडा दिसला का? का हेडला काही हाय?"

मॅडम थांबल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई सांगितलं. तीच तर तक्रार हाय."

"दादा, तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस," जगन म्हणाला. "आम्ही हावोत ना."

तेव्हा माझा तोल गेला. "तू चूप! माझ्या पोटातलं तुला ठाऊक, पोरीला ठाऊक, त्या पडदेवाल्याला ठाऊक. मीच तेवढा परका? शाळा सोडली म्हणून काय अक्कल गहाण टाकली का मी?" नर्स धावत आली. जाफराबादचे काका उठून बसले.

मग जगन हळू म्हणाला, "तू उठून गेला असतास दादा. सौदा पटला न्हाई की बाग सोडून उठतोस तसा. मला ठाऊक हाय तू."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते मी त्याला त्या दिवशी कबूल केलं नाही.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि सीटी स्कॅनच्या पाकिटावर पेनानं चित्र काढलं. पुस्तकातलंच चित्र, फक्त तोंडाशी एक ठिपका जास्त. "गाठ इथं आहे. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे." तो शब्द त्या माझ्याकडे बघून बोलल्या. "पण जागा अशी आहे की नळी लवकर तुंबली आणि आपल्याला लवकर समजलं. शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली दिसत नाही. ऑपरेशन होऊ शकतं."

मी विचारलं, "काय काय काढणार?"

स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचं ते वळण, पित्ताशय, नळीचा तुकडा आणि जठराचा खालचा भाग. मग उरलेलं सगळं पुन्हा आतड्याला जोडायचं, तीन ठिकाणी.

"जठर कशाला? त्यानं काय केलं?"

"शेजारी आहे."

"शेजाऱ्याला कशाला शिक्षा? जठर ठेवा. पित्ताशय घेऊन टाका, त्याच्याबद्दल बोलणं न्हाई."

मॅडम हसल्या. भरती झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर मोकळं हसलं होतं. "जठराचं खालचं तोंड कधी कधी ठेवता येतं. पण आत बघितल्यावर मी ठरवणार. आणि आत गेल्यावर पसरलेलं दिसलं, तर काहीही न काढता बंद करून येईन. हे आत्ताच सांगते."

यावर घासाघीस होत नव्हती. मी प्रयत्न केला. शेवटी म्हणालो, "एक अट. बाहेर आल्यावर आधी मला सांगायचं. मी शुद्धीवर येईपर्यंत यांना काही सांगू नका."

"यांचा जीव टांगणीला लागलेला असतो हो बाहेर," त्या म्हणाल्या. "काढलं की नाही, एवढं सांगणार. रिपोर्ट मात्र आधी तुम्हाला."

ऑपरेशन दिवसभर चाललं. जागा झालो तेव्हा नाकात नळी, पोटात दोन नळ्या, लघवीला नळी. मॅडमनी कानाशी येऊन सांगितलं, "काढलं. जठराचं तोंड ठेवलंय." मी जिंकल्यासारखा हसलो म्हणे, मला आठवत नाही.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी काही गोष्टी. पोटातल्या नळ्यांमधलं पाणी नर्स रोज तपासते. रंग का बघतात ते विचारा. स्वादुपिंडाचा जोड गळतोय का ते त्यातून कळतं. ते कळलं की नळीचा राग येत नाही. पहिला वारा सरला की लाजू नका, सांगा. आतडी जागी झाल्याची ती खूण असते. घरी आल्यावर थोडं थोडं, पण पुष्कळदा खायचं. जेवताना मला पाचक रसांची कॅप्सूल घ्यावी लागते, कारण रस करणारं अर्धं दुकान बंद झालंय. ती जेवल्यावर नाही, पहिल्या घासासोबत घ्या. आणि घरात कुणाचे डोळे पिवळे झाले तर आधी रक्त आणि सोनोग्राफी. माळ घालायचीच असेल तर एक खुंटीवरही टांगा.

मॅडमचे, नर्सांचे, शेजारच्या काकांचे उपकार मानतो. अर्चनाचेही. ती खोटं बोलण्यात फार कच्ची निघाली आणि त्यामुळेच मी वेळेत शहाणा झालो. जगनवरचा माझा राग पूर्ण गेलेला नाही, हेही लिहितो. पण रिपोर्टच्या दिवशी त्या रागाचं काहीतरी झालं.

मॅडमनी कबूल केल्याप्रमाणे मला एकट्याला आत घेतलं. काढलेल्या भागाच्या कडा साफ होत्या, म्हणजे कापलं तिथं कॅन्सर उरला नव्हता. काढलेल्या लसिका गाठींपैकी, म्हणजे लिम्फ नोड्सपैकी, मात्र एकीत तो पोचला होता. केमो घ्यावी लागणार होती. "बरं होण्याची आशा चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण मी लिहून देणार नाही." मी सगळं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

बाहेर बाकावर जगन बसला होता. मला बघून तो उभा राहिला, रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत. दोन मुलांचा बाप, शाळेत पोरं ज्याला टरकतात तो माणूस. मला तो एकदम सात-आठ वर्षांचा दिसला.

"कडा साफ आल्या," मी म्हणालो. "सगळं काढलंय."

तो खाली बसला. रुमालानं तोंड पुसलं. मी त्याच्याजवळ बसलो. पुढचं अजून सांगायचं होतं. थोडं थांबू, घरी गेल्यावर सांगू, आत्ता त्याला चहा पाजू, असं सगळं मनात येऊन गेलं. 'थोडी औषधं घ्यावी लागतील' असं वाक्यही जुळवून झालं.

जगन माझ्या तोंडाकडे बघत होता. "दादा," तो म्हणाला, "पूर्ण सांग."

मी पूर्ण सांगितलं.