उकंडा

आमच्या गारखेड्याच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांची नावं माझ्या वडिलांनी ठेवलेली आहेत. निवृत्त मास्तर, त्यात पाली भाषेचा नाद. कुणाकडे पाळणा हलला की लोक पेढे घेऊन आधी आमच्याकडे येत. वडील एखादा सुंदर पाली शब्द काढून देत, त्याचा अर्थ समजावत आणि मग हटकून जुन्या नावांवर घसरत. धोंडू म्हणजे दगड. भिका म्हणजे भीक मागून आणलेला. पिराजी म्हणजे पिराला नवस बोलून झालेला. आणि उकंडा म्हणजे आमच्या बोलीत उकिरडा. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, कारण उकंडा हे त्यांच्या वडिलांचंच नाव होतं.

आधीची पोरं दगावलेली बाई नवं बाळ उकिरड्यावर नेऊन ठेवायची, दुसरी कुणी ते सुपात उचलून घरी आणायची आणि पोराला तेच नाव पडायचं. टाकून दिलेल्याला मरण कशाला हात लावील, असा हिशेब. आजोबा त्यामुळे जगले की नाही, कोण जाणे. पण गावानं ते नाव जन्मभर त्यांच्या तोंडावर फेकलं. चावडीवरून येणारी "ए उकंड्या" ही हाक वडिलांनी लहानपणी रोज ऐकली होती. "हे नाव या घरात पुन्हा येणार नाही," असं ते म्हणत आणि आम्ही माना डोलवत असू.

माझी दोन गरोदरपणं अर्ध्यावर गेली. तिसऱ्या वेळी वडिलांनी सातव्या महिन्यातच, मुलगा-मुलगी कुणालाही चालेल असं नाव ठरवलं आणि उत्साहाच्या भरात गल्लीभर सांगून टाकलं. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, तेव्हा करमाडहून आली होती. तिनं कपाळाला हात लावला. "बापू, लई घाई केलीस. पोर हातात यायच्या आधी नाव सांगतेत व्हय?" मी एम.ए. झालेली, मी हसले.

आठवडाभरातच कळा सुरू झाल्या. पोरगा जन्मला तो तळहातावर मावेल एवढा, आणि दवाखान्यानं त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. त्या दिवसांतली मला फक्त भीती आठवते. त्याची छाती वरखाली होतेय ना, हे बघताना मी स्वतः श्वास घ्यायला विसरायचे. यंत्र जरा वाजलं की मी काचेला जाऊन चिकटायचे. आत फक्त आईला सोडत. वडील दाराशी सांगत, "त्याला नावानं हाक मार. बाळाला ऐकू येतं." ते जरा बाजूला झाले की आत्या माझा दंड धरी. "ते चांगलं नाव नको घेऊस, माय. उकंड्या म्हण. आमच्या आज्जीनं आमच्या बापाला तसंच राखलं."

आणि मी आत जाऊन मुकी उभी राहायचे. चांगलं नाव ओठांवर यायचं आणि वाटायचं, कुणीतरी ऐकेल आणि याला घेऊन जाईल. दुसरं घ्यावं तर वडिलांच्या जन्मभराच्या कष्टांवर पाणी सोडल्यासारखं. बाहेर आल्यावर वडील विचारत, "बोललीस त्याच्याशी?" मी "हो" म्हणून टाकायचे.

मग एका दुपारी त्याचा श्वास अडला. यंत्र कोकलायला लागलं. नर्स दार ढकलून धावत आली, त्याच्या तळपायाला टिचक्या मारू लागली आणि माझ्यावर ओरडली, "अहो, बघत काय उभ्या राहिलात? हाक मारा त्याला!" माझी वाचाच बसली होती. फुटली ती अशी: "उकंड्या! ए उकंड्या, माझ्या राजा, इकडं बघ रे!" काचेला तोंड लावून मी ओरडत राहिले. किती वेळ, माहीत नाही. छाती पुन्हा हलली.

अशा बाळांना असं होतं, टिचकीनं ती परत श्वास घेतात, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. आज तो गल्लीभर हुंदडतो आणि कागदावर त्याला माझ्या वडिलांनी ठरवलेलंच नाव आहे. पण टिचकी की हाक, हा वाद मी अजूनही घालत नाही.

त्या दुपारी बाहेर आले तर वडील उघड्या दाराशीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला रडू फुटलं. "बाबा, चुकलं माझं. दुसरं काही तोंडात आलंच नाही."

ते उघड्या दारातून पेटीकडे बघत राहिले. आत्या मान खाली घालून बाकावर बसली होती. मग वडील म्हणाले, "मी ते नाव चावडीवरूनच ऐकत आलो, बाई. माझ्या आजीनं ठेवलं होतं, हे ठाऊक होतं. पण ती ते कसं म्हणत असेल, हे कधी ऐकलंच नव्हतं."

आतून यंत्राचा आवाज येत होता. आम्ही दोघंही जीव मुठीत धरून तोच ऐकत होतो.

"जा आत," ते म्हणाले. "परत म्हण. मला इथं ऐकू येईल असं म्हण."