लॅपटॉपची अंघोळ

तमाम सोयरे-धायरे, शेजारीपाजारी, आणि गेल्या वीसेक वर्षांत आमच्या घरच्या लग्नांत, बारशांत नि साखरपुड्यांत ज्यांनी ज्यांनी माझ्या शेजारची खुर्ची मुद्दाम ओढून जेवण केलं, त्या सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, ‘लॅपटॉपची अंघोळ’ ही माझी सर्वांत गाजलेली गोष्ट आजपासून कायमची बंद करण्यात येत आहे. यापुढं कुणीही फर्माईश करू नये. जिलबीचं आमिष दाखवू नये. पाहुण्यांना ‘थांबा, आता हा सांगतो बघा’ असं म्हणून माझ्याकडं ढकलू नये.

का, म्हणाल?

ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ती सगळ्या गल्लीला सांगत असते. तर एक तीळ आहे. वीस वर्षं कोरडा ठेवलाय.

ज्यांनी गोष्ट ऐकलेली नाही, त्यांच्यासाठी आधी गोष्ट. शेवटची वेळ आहे, ऐकून घ्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं-यंत्रं पाटावर मांडतात. विळा, कोयता, पाना-पक्कड, शिलाई मशीन. स्कूटर पाटावर मावत नाही म्हणून तिच्यासमोर पाट. सगळ्यांना पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी त्यांना सुट्टी. कामाला हात लावायचा नाही. तर त्या वर्षी पाटावर पहिल्यांदाच माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, लॅपटॉप आला. आणि आमच्या वहिनींनी भक्तिभावानं त्याच्यावर पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी दादानं लॅपटॉप उघडला, तर खलास!

आता हे सांगताना मी काय काय करायचो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माहीत. खांद्यावरचा रुमाल डोक्यावर पदरासारखा घ्यायचा, वहिनींचा आवाज काढायचा. पहिल्या वर्षी पाण्याचे दोन थेंब होते. एका लग्नात त्याची पळी झाली. पुढं तांब्या झाला. मग पंचामृत — दही, मध, केळ्याच्या चकत्यांसकट. अलीकडं तर लॅपटॉपला शिंकही यायची. लोक पंगतीत वाकून वाकून हसायचे. आणि वहिनी? वाढता वाढता थांबायच्या, पदर तोंडाला लावून त्याही हसायच्या.

मला त्यांचं ते हसणं फार आवडायचं. गोष्टीला मान्यता मिळाल्यासारखं वाटायचं.

— पण मी पुढं पळतोय. आधी तो लॅपटॉप कसा होता ते सांगतो, कारण त्याच्यावर माझाही जीव होता.

दादा वाळूजला कारखान्यात होता. तिथला एक इंजिनिअर परदेशी निघाला, त्याच्याकडून दादानं तो जुनाच विकत घेतला. काळा, जाडजूड, पुरणपोळीच्या पोळपाटाएवढा. मांडीवर ठेवला की मांडी भाजायची. सुरू होताना आधी आतून घरघर यायची, मग पंखा, आणि मग ते चार सुरांचं संगीत. ते संगीत वाजलं की शेजारची माणसं हातातलं काम टाकून यायची. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. औरंगाबादेत संध्याकाळी लाइट गेली की सगळी गल्ली काळीकुट्ट, आणि आमच्या ओट्यावर तेवढा तो निळा उजेड. त्या उजेडात पोरंटोरं, म्हाताऱ्या, सगळ्यांचे चेहरे निळे. बॅटरी संपेपर्यंत गाणी. संपली की सगळे एकदम उसासा टाकायचे. असा सामूहिक उसासा मी नंतर कधी ऐकला नाही.

पण त्या लॅपटॉपवर खरा हक्क होता वहिनींचा. त्या जालना रोडवरच्या करमाडच्या. बारावी झालेल्या, लग्न होऊन आमच्याकडं आलेल्या. औरंगपुऱ्यात कम्प्युटरचा कोर्स लावला होता त्यांनी. दुपारी सगळं आवरलं की लॅपटॉप उघडून मराठी टायपिंगचा सराव करायच्या. काय टाइप करायचं हा प्रश्न त्यांनी त्यांच्या पद्धतीनं सोडवला होता. क्लासला जाता-येता गुलमंडीतल्या दुकानांच्या पाट्या वाचत यायच्या आणि घरी येऊन त्या सगळ्या आठवून टाइप करायच्या. साड्यांची दुकानं, अत्तराची दुकानं, ‘येथे शिलाई व पिको करून मिळेल’, ‘उधार मागून लाजवू नये’. सगळी गुलमंडी त्या डब्यात रांगेनं उभी होती. करमाडच्या पतसंस्थेत कम्प्युटर येणारी बाई हवी होती. वहिनींच्या वडलांनी शब्द टाकून ठेवला होता. कोर्सची परीक्षा झाली की वहिनी कामाला लागणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

आणि मी? मी तेव्हा बेकार होतो. पण बोलायला तयार.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला करमाडला पाठवलं — वहिनींच्या माहेरच्या शेतातून झेंडू आणायला. दादा कामावर होता. कपाटात लॅपटॉप होता. न विचारता घेतला. का? अहो, वहिनींच्या भावांना दाखवायला! वहिनींच्या माहेरी माझं वजन कोण वाढवणार होतं, दुसरं कुणी? शेताच्या बांधावर बसून गाणी लावली, पडद्यावर मासे पोहताना दाखवले. वहिनींचे वडील बराच वेळ माशांकडं बघत बसले होते.

तिथंच तो बंद करून पिशवीत ठेवला असता तर?

येताना मी झेंडूचं पोतं स्कूटरच्या पुढं, दोन्ही पायांच्या मध्ये ठेवलं. पोत्यावर लॅपटॉप. उघडा. चालू. गाणं फुल्ल. जालना रोडनं मी असा आलो, जसा काही माझ्या मागं हत्ती-घोडे आहेत. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. मी हात करत होतो. खरं सांगू? आयुष्यात इतका रुबाब मी पुन्हा केला नाही.

मग खड्डा आला.

गाणं एका अक्षरावर अडकलं. तेच अक्षर, तेच अक्षर — आणि बंद. मग आतून आवाज आला. टक्. टक्. टक्. कुणी आत कोंडलेला माणूस दार वाजवतोय असा. मी स्कूटर बाजूला घेतली, बंद केला, पुन्हा लावला. टक्. टक्. टक्. हार्ड डिस्क म्हणजे आत गरगर फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून केसाच्या अंतरानं फिरणारी सुई, हे मला माहीत होतं. मीही कोर्स केला होता ना. चालू असताना दणका बसला की काय होतं, हेही माहीत होतं.

घरी आलो. लॅपटॉप पुसला. पिशवीत घातला, चेन लावली, कपाटात होता तसा ठेवला. फुलं वहिनींच्या हवाली केली.

इथवर भित्रेपणा. इथवरचं कदाचित मी कधीतरी हसत हसत कबूलही केलं असतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पाट मांडला. लॅपटॉप काढला, पदरानं पुसला, कुंकवाचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या, मी आणलेल्या झेंडूतलंच एक फूल ठेवलं. तांब्यात हात घातला आणि थांबल्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, “भावजी, याला पाणी चालंल का वो?”

त्यांनी विचारलं होतं. हे मी गोष्टीत कधीच सांगितलं नाही. घरातला कम्प्युटरवाला मी, म्हणून मला विचारलं. एवढी काळजी त्या यंत्राची दुसऱ्या कुणी घेतली होती?

आणि मी म्हणालो, “शिंपडा थोडं. काय होत नाय.”

तेव्हाच माझ्या मनात आलं होतं का? — हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारलाय, आणि बऱ्याचदा उत्तर द्यायच्या आधी दुसरीकडं बघितलंय. आज नाही बघत. हो. आलं होतं. त्यांचा ओला हात हवेत होता आणि मला माझी सुटका दिसली.

दोन थेंब. बंद झाकणावर. तेही लगेच पुसले त्यांनी.

दसऱ्याला दादानं लॅपटॉप उघडला. टक्. टक्. टक्. दादानं विचारलं, कुणी काय केलं याला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण समजणारा मीच. मी लॅपटॉपला कान लावला, डॉक्टरसारखं तोंड केलं आणि म्हणालो, “पाणी गेलंय आत.”

वहिनींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता सांगणार — भावजींनाच विचारलं होतं म्हणून. पण नाही. मला सांभाळून घेतलं त्यांनी. पोराला कशाला बोलणी, असं वाटलं असेल. दादाही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं. त्यानं लॅपटॉप पिशवीत घातला आणि माळ्यावर टाकला.

वहिनी पुन्हा क्लासला गेल्या नाहीत. तिथल्या सरांनी निरोप पाठवला, त्यांनी घरातल्या कामाचं कारण सांगितलं. करमाडच्या पतसंस्थेत दुसरी कुणी लागली.

आणि तेव्हापासून एक सुरू झालं. घरात नवा मिक्सर आला की वहिनी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगतात. वॉशिंग मशीनचंही तेच. एटीएमच्या बाहेर थांबतात, कार्ड दुसऱ्याच्या हातात देतात. मोबाइल वाजला की उचलतात, पण लाइट बिल भरायचं तर मुलगा घरी येईपर्यंत थांबतात. मी हात लावते ते बंद पडतं, म्हणतात. अगदी सहज, आपल्याला वांगं चालत नाही म्हणावं तसं. आणि मी — मी यातलं एकेक उचलून माझ्या गोष्टीच्या शेवटाला जोडत गेलो. हशा वाढत गेला.

यंदा दसऱ्याच्या आधी माळा आवरताना लॅपटॉप खाली आला. दादा आता रिटायर झालाय. म्हणाला, भंगारात दे. मी म्हणालो, थांब. औरंगपुऱ्यात एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं लॅपटॉप दोन्ही हातांनी तोलला, म्हणाला, ये तो अजायबघर का माल है, साब — म्हणजे संग्रहालयात ठेवायचा. असल्या पिनांची डिस्क आता मिळत नाही. पण त्यानं एक छोटी पट्टी दिली. तिच्यात मेमरी कार्ड बसतं आणि जुन्या लॅपटॉपला वाटतं, हीच हार्ड डिस्क. आत काही फिरत नाही, आवाज करत नाही, खड्ड्याला भीत नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर मी शस्त्रक्रिया मांडली. दादा चष्मा लावून समोर, माझी बायको टॉर्च धरून, घरातली बाकीची भोवती. मी अर्थातच धावतं समालोचन करत होतो. खालचे दोन स्क्रू काढले आणि डिस्क ओढून घेतली. आत सगळं कोरडं. गंज नाही, डाग नाही. फक्त बटणांच्या फटीत कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा. दादानं डिस्क हातात घेतली, उलटसुलट केली, कानाशी हलवली आणि खाली ठेवली. त्याला काय कळलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

नवी पट्टी बसवली. दादानं पिशवीत जपून ठेवलेल्या सीडीवरून जुनी सिस्टिम भरली. सगळं जागच्या जागी आलं — गुलमंडी सोडून. ती जुन्या डिस्कमध्येच राहिली.

मी ठरवलं होतं. भाषण पाठ होतं. वहिनींना बोलवायचं, बटण दाबायला लावायचं, आणि तो सुरू झाला की सगळ्यांसमोर सांगायचं — खड्डा, पोतं, आणि त्यांचा तो प्रश्न. वहिनींना हाक मारली. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि फ्रिजपाशीच थांबल्या. तुम्हीच लावा, म्हणाल्या. मी आग्रह केला. तेवढ्यात दादा म्हणाला, पाणी आणू का गं तांब्याभर? सगळे हसले. माझाच विनोद, माझ्याच चालीत.

मीही हसलो. भाषणाची वेळ तीच होती आणि मी हसलो. सांगितलं नाही. अजूनही समोरासमोर सांगितलेलं नाही.

वहिनी पुढं आल्या. तवा तापलाय का बघावं तसं बोटाचं पेर बटणाला लावलं आणि हात झटकन मागं घेतला. पंखा फिरला. पडदा उजळला. ते चार सुरांचं संगीत वाजलं. सगळे टाळ्या वाजवत होते. वहिनी पडद्याकडं बघत होत्या, मग स्वतःच्या बोटाकडं, मग माझ्याकडं — आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“भावजी, मी हात लावला तरी नाय पडलं वो बंद.”