फोरमनचा पाव आटा

फोरमन कुणाशीही बोलायच्या आधी त्याला गप्प करायचे. ओठांवर स्क्रूड्रायव्हर उभा धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "शूऽऽ!" मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारच्या कोपऱ्यात, ते जुन्या मोटरसायकली दुरुस्त करत. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ते 'शू' खाल्लेलं होतं. नारळवाल्याने, वॉचमनने, सोसायटीच्या सेक्रेटरींनी. सेक्रेटरींनी तर भर सभेत तक्रार केली होती, की माझ्याच इमारतीत मला शिंकायची चोरी झाली आहे म्हणून.

बुलढाण्याकडून लहानपणी गोवंडीला आलेला हा माणूस पुढे अंधेरीच्या एका कारखान्यात फोरमन झाला. कारखाना कधीच बंद पडला, हुद्दा मात्र तसाच राहिला. त्यांची बायकोसुद्धा, म्हणजे आमच्या शकुवहिनी, खिडकीतून हाक मारायच्या, "अहो फोरमन, भात निवतोय!"

शांतता त्यांना खरोखरच लागायची. जुन्या जोडसिलिंडर गाड्यांना दोन कार्बोरेटर असतात. दोघांनी इंजिनाला सारखंच पेट्रोल आणि सारखीच हवा द्यायची. एकाने जास्त दिली, की एक सिलिंडर राबतं आणि दुसरं नुसती हजेरी लावतं. हे जुळवायला फोरमनकडे दोन रबरी नळ्या होत्या. डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलेली नळी डाव्या कानात, उजव्याची उजव्या कानात. मग डोळे मिटून दोन्हीकडचे सुस्कारे सारखे ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं.

एकदा असे डोळे मिटून बसलेले असताना फाटकाबाहेर वरात आली. बँड, नाचणारे मामे, घोड्यावर नवरदेव. फोरमन नळ्या कानातच लोंबकळत ठेवून बाहेर गेले आणि बँडमास्तरसमोर स्क्रूड्रायव्हर धरला. "दोन मिनिटं थांबा. पाव आटा राहिलाय." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही गांभीर्य होतं, की बँडमास्तरला वाटलं इमारतीत कुणीतरी वारलंय. त्याने हात वर केला. बँड थांबला, मामे थांबले. त्या शांततेत फोरमननी स्क्रू फिरवला, आणि इंजिन असं एकसुरी चालू लागलं की ढोलवाल्याने नकळत मान डोलावली. "झालं. वाजवा आता," फोरमन म्हणाले.

'पाव आटा' म्हणजे स्क्रूचा पाव वेढा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वहिनींनी पीठ आणायला सांगितलंय. फोरमनच्या मते या जगात मोडलेलं असं काही नसतंच, सगळं पाव आट्याने हुकलेलं असतं. वहिनींची आमटी पाव आटा तिखट. जावई पाव आटा ढिला. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एकदा त्यांनी मला सुट्टीत आलेल्या त्यांच्या नातवाला शिकवताना ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, शिकवता झकास. फक्त पाव आटा हळू घ्या. पोरगं मागे राहतंय."

त्यांची आणि माझी गट्टी जमली ती गोवंडीच्या भंगारात सापडलेल्या एका जोडसिलिंडर गाडीमुळे. टेम्पोतून उतरवली तेव्हा तिच्या टाकीत पालीचं बिऱ्हाड होतं. माझा नवरा म्हणाला, "हे तू घरात आणणार नाहीयेस ना?" फोरमननी मात्र तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "थोडंच काम आहे." त्या थोड्या कामाला दीड वर्ष लागलं. प्रत्येक रविवारी सकाळी मी गंज घासायचे, ते चुका काढायचे. शेवटी एका रविवारी त्यांनी कानात नळ्या घातल्या, अर्धा तास अख्ख्या इमारतीला श्वास रोखायला लावला आणि गाडी माझ्या हातात दिली.

पवईच्या चढावर तिने मला पाडलं. चालता चालता इंजिन एकदम जाम झालं, मागचं चाक लॉक झालं आणि मी रस्त्याच्या कडेला. मागून येणारा डंपर वेळेवर थांबला. कोपर सोलवटण्यापलीकडे काही झालं नाही, पण त्या डंपरचं पुढचं चाक मला पुढे कित्येक दिवस दिसत होतं.

फोरमननी इंजिन उघडलं. डावा पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. "ऑइल भेसळीचं असणार," ते म्हणाले. मग पेट्रोल. मग पवईची हवा. नवा पिस्टन बसवून त्यांनी गाडी पुन्हा जुळवून दिली. पण मी काढलेला पिस्टन ठेवायला फळीवरचा डबा उघडला, तर त्यात आणखी दोन होते, तसेच घासून निघालेले. एक बोरिवलीच्या गिऱ्हाइकाचा, एक घाटकोपरच्या.

"फोरमन, हे कुठल्या बाजूचे?"

"डाव्या."

"तिन्ही?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या रविवारी मी एक पारदर्शक नळी यू आकारात फळीला ठोकून आणली, तिच्यात हिरवं ऑइल भरलं आणि तिची दोन टोकं दोन्ही कार्बोरेटरांना मागून जोडली. दोन्ही सारखे उघडत असतील, तर ऑइल दोन्हीकडे एकाच उंचीवर राहणार; जो कमी उघडा, तो ऑइल आपल्याकडे ओढणार. गाडी सुरू केली. ऑइल उजवीकडे वीतभर चढलं. म्हणजे डावा कार्बोरेटर सताड उघडा होता आणि सगळी मजुरी डाव्या सिलिंडरवर पडून तेच तापून जाम होत होतं.

"तुमची नळी खोटं बोलतेय, मॅडम."

"नळीला बोलता येत नाही, फोरमन."

ते चिडले. आपल्या नळ्या काढून कानात घातल्या. "बघा! दोन्ही सारखे. एकदम सारखे!" मला पुढचं वाक्य माहीत होतं, पण ज्याने मला इंजिन उघडायला शिकवलं त्याला ते कसं म्हणायचं? त्यांनी माझ्याकडे बघितलं, फळीवरच्या डब्याकडे बघितलं. मग सावकाश दोन्ही नळ्या कानातून काढल्या आणि अदलाबदल करून पुन्हा घातल्या. डाव्याची उजव्या कानात, उजव्याची डाव्या.

"आता सगळा आवाज उजव्या कानातच," ते पुटपुटले. मग गाडी बंद केली.

"कार्बोरेटरला कशाला दोष देऊ," ते म्हणाले. "माझा डावा कान गेलाय."

वरून खिडकीतून वहिनी म्हणाल्या, "दोन वर्षं सांगतेय मी!"

"काय?" फोरमन म्हणाले.

मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. "मॅडम, तो डंपर थांबला नसता तर?" एवढंच म्हणाले आणि हात पुसत घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे गेल्या दोन वर्षांतल्या गिऱ्हाइकांची यादी केली. अकरा जण निघाले. फोनवर सांगणं त्यांना पटेना, म्हणून बसने स्वतः घरोघर गेले. दार उघडलं की सरळ सांगायचे, "तुमची गाडी मी चुकीची लावलीय. चालवू नका. माझा डावा कान कामातून गेला, ते मला कळलं नाही." कुणी चहा पाजला, कुणी तोंडावर दार लावलं. बोरिवलीवाला भरपूर बोलला. फोरमन म्हणाले, "त्याच्याकडे मुद्दाम डावा कान केला होता."

अकराच्या अकरा गाड्या आमच्या पार्किंगमध्ये आल्या आणि माझ्या ऑइलच्या नळीवर पुन्हा जुळल्या. फोरमन स्क्रू फिरवायचे, मी नळी वाचायचे.

मग कानाचं मशीन आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी ते उघडून पाहिलं. दवाखान्यातल्या मुलीशी वाद घातला, की याचा स्क्रू कंपनीने आत का लपवलाय. एकदाचं ते नीट बसलं, आणि वहिनी स्वयंपाक करताना जे पुटपुटतात ते त्यांना दोन वर्षांनंतर ऐकू आलं. "मॅडम," ते मला कळवळून म्हणाले, "ती सगळं माझ्याबद्दलच बोलते हो!"

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही सगळे भाड्याने पांगलो आणि फोरमन-वहिनी नाशिकला मुलीकडे निघाले. वहिनी सामानाबरोबर टेम्पोतून आदल्या दिवशी गेल्या. फोरमनना हायवेवर बसला सोडायला मी गाडी काढली. दुसऱ्याच्या मागे ते कधी बसले नव्हते. टोपी घट्ट धरून, एकही सूचना न देता ते बसून होते, तेव्हाच मला कळलं की त्यांना जायचं नाहीये.

बस अजून आली नव्हती. ते उतरले, गाडीमागे जाऊन उकिडवे बसले आणि मी ओरडेपर्यंत दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी दोन सिलिंडरांच्या दोन तापलेल्या सायलेन्सरना लावून मोकळे झाले. हात झटकत, बोटं तोंडात घालत उठले. डोळ्यांत पाणी होतं. ते चटक्याचं, असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं.

"दोन्ही सारखीच भाजली, मॅडम," फोरमन म्हणाले. "आता खुशाल चालवा."