वाळवलेली बी

माझ्या पदवीवर नाव माझं असलं, तरी ती मिळाली माझ्या मोठ्या बहिणीमुळे. तिला मी बाई म्हणतो. सातवीनंतर तिनं शाळा सोडली आणि लोकांच्या भाताच्या बांध्यांमध्ये धान रोवायला जाऊ लागली, म्हणून मी तुमसरला राहून बीएस्सी झालो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. पुढचं वाचताना हे विसरू नये.

बाईचं सासर आसगावला. लग्नाला बरीच वर्षं झाली, लेकरू नाही. सासूच्या तोंडून रोज एखादा शब्द सुटतोच. पण त्या घरात एक काम बाईवाचून कोणाला जमत नसे, ते म्हणजे धानाचं बियाणं राखणं. दाताखाली दाणा कट्ट वाजेपर्यंत उन्हात वाळवायचं, मग राख आणि कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवायचं. तिनं राखलेलं बियाणं कधी फसलं नाही. शेजारच्या बायका तिलाच विचारायला यायच्या. कोठीच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची. त्या घरात तिचं म्हणून तेवढंच होतं.

एका उन्हाळ्यात नागपूरहून दोन ॲवोकाडो आणले. एक तिच्यासाठी नेला. फळ तिला आवडलं नाही. "लोण्यात साबन कालवल्यावानी लागते," म्हणाली. पण आतली लिंबाएवढी, गुळगुळीत बी तिनं धुऊन पदराला बांधली. "एवढी जड बी हाये, तं झाड बी जबर असन."

दुसरी बी मी माझ्या खोलीवर उगवायला घातली. खराट्याच्या तीन काड्या तिच्या अंगात टोचल्या, टोक वर ठेवलं, बूड पाण्याला टेकेल अशी ग्लासवर बसवली. तिच्याबद्दल वाचलंही. हे झाड मूळ मेक्सिकोकडचं. एवढी बी गिळून दूर नेणारी प्रचंड जनावरं कधीच संपली असं म्हणतात. तरी झाड उरलं, कारण तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ते हातानं लावलं. आणि हेही वाचलं, की ही बी ओलीच लावावी लागते. वाळली की मेली.

काही दिवसांनी बाईचा फोन आला. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. तिथं आम्ही चौघं डबा खात होतो. हात खरकटा होता, म्हणून स्पीकर लावला.

"आठ दिस उन्हात ठेवली रे तुही बी. आता खडखड वाजून राहिली. राखेत ठेवतो, मिरगात लावतो."

एक सोबती हळूच म्हणाला, "लोणचं केव्हा घालते, विचार."

सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, "बरोबर केलं, बाई."

मृगात तिनं ती विहिरीजवळ लावली आणि मोहल्लाभर सांगितलं की भावानं आणलेलं झाड येणार आहे. धानाची रोवणी आटोपली, तरी तिथली माती तशीच होती.

राखीला मी गेलो. बाईनं राखी बांधली, ओवाळलं. अंगणात शेजारच्या बायका बसल्या होत्या. सासू उठली, विळ्यानं माती उकरून बी काढली आणि माझ्यासमोर फोडली. आत काळा भुगा होता.

"पाहा पाहुणे, तुमच्या बहिणीच्या हातचं काईच जगत नाई. ना कुशीतलं, ना मातीतलं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना गप्प करावं म्हणून मी माझी विद्या काढली. "ही बी वाळवली की मरते. ओलीच लावावी लागते. पुस्तकात आहे."

"आयका," सासू म्हणाली. "शिकलेला भाऊच सांगून राहिला. इनंच मारली." मग धाकट्या सुनेकडे वळली. "किल्ली घे वं तिच्याजवळची."

बाईनं कमरेची किल्ली सोडून जावेच्या हातात दिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग फोनवर काहून नाई सांगतलं?"

मी पिशवी उचलली आणि बसस्टँडकडे निघालो.

खोलीवर आलो तेव्हा माझ्या ग्लासातल्या बीला हातभर रोप आलं होतं. त्याच आठवड्यात मी बाईला पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही. पत्र हे.

बाई,

हे पत्र एकटी वाचू नको. सासूबाई, जाऊबाई आणि त्या दिवशी हसलेल्या बायका असतील तेव्हा मोठ्यानं वाच.

बी तुझ्यामुळे मेली नाही. धानाचं बियाणं जसं राखतात तसंच तू तिला राखलं. दुसरं तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू फोन केला तेव्हा मला माहीत होतं. तुझा आवाज तीन माणसांना ऐकवून मी त्यांच्यासोबत हसलो आणि वर तुला बरोबर केलं म्हणालो. ज्या शिक्षणाच्या जोरावर हसलो, ते तू चिखलात उभी राहून मला दिलं होतं.

माझं रोप पाठवत नाही. ते जगलं, तर भावाचं जगलं म्हणतील. ओल्या फडक्यात एक ताजी बी पाठवतो आहे. लावायची असेल तर पोचल्या दिवशीच लाव. नसेल तर फेकून दे.

किल्ली परत मागायला मी स्वतः येतो. तू ये म्हणशील तर.

तुझा भाऊ