गुरुवारची सभा

खातूनबीला पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही बाई भांडायला निघालीय. ती नुसतं "चहा घेता का?" असं विचारते, तरी पलीकडच्या गल्लीतली माणसं दार उघडून बघतात. आवाजच तसा हाय, काय करणार! आणि त्याच आवाजात तिनं "झोपा रे" म्हटलं की वीस-पंचवीस पोरं गपगार आडवी होतात. माझी स्वतःची नातवंडं मोबाईल हातात दिल्याशिवाय घास गिळत न्हाईत. जाऊ दे, तो विषय नको.

मी गोजाबाई. भोसरीच्या अंगाला आमचं जुनं गाव. ज्वारी यायची तिथं आता नटबोल्ट निघतात आणि आमच्या चाळीत भाडेकरू राहतात. खातूनबी त्यातली सगळ्यात जुनी. औशाहून लग्न होऊन आली ती आमच्याच खोलीत. नवरा प्रेस मशीनवर होता, देवमाणूस, पण लवकर गेला. हिनं शिलाई मशीन मारून दोन पोरी वाढवल्या, उजवल्या, आणि आता जरा पाठ टेकावी म्हणाली तर शेजारीण तिच्या मांडीवर लेकरू टाकून गेली. "बी, एवढं बघा हो, ठेकेदाराला भेटून आले." ती आली दिवे लागल्यावर. नोकरीच लागली होती ना तिला! मग तिच्या मैत्रिणीचं लेकरू आलं, मैत्रिणीच्या जावेचं आलं. खोली पुरेना. तेव्हा युनूस गॅरेजवाल्यानं पत्रे दिले, कंपनीतल्या पोरांनी सुट्टीत वेल्डिंग केलं, मी सतरंज्या दिल्या, आणि मैदानाच्या कडेला शेड उभी राहिली. त्याला पाळणाघर असं कुणी म्हणत न्हाई. "बीकडं ठेवलंय" म्हणतात, की समजायचं.

या पोरांच्या आया काम करतात म्हणजे काय करतात, ते स्वरूपाचं सांगते. लातूरकडची पोरगी, बारावी झालेली, हात चलाख. तिची ओवी दीड वर्षाची. स्वरूपा एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होती. सुपरवायझरनं तिला सांगितलं, "नव्या मशीनचं शिक्षण देतो, दिवाळीनंतर बॅच हाय, पास झालीस तर कायम करतो. पण एकही खाडा चालणार न्हाई." पोरगी आनंदानं नाचत बीकडं आली. बीनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "मग उभी काय? हो म्हण जा!" ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत सांगायचंय, बी. घरी विचारते आधी."

घरी विचारेपर्यंत आराखडा आला.

पालिकेनं ठरवलं की आता आपल्या भागात कुठं काय करायचं ते वस्तीतल्या लोकांना विचारून करायचं. शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. रविवारी, सकाळी अकराला. सायली नावाची एक तरुण पोरगी आराखडा करायला आली होती. गोड बोलायची, घाम पुसत पुसत सगळ्यांना नमस्कार करायची. तिनं पडद्यावर नकाशा दाखवला. आमचं मैदान जांभळ्या रंगात रंगवलेलं, त्यावर लिहिलेलं, बहुमजली वाहनतळ. शेड कुठाय म्हणून मी डोळे फाडफाडून बघितलं. शेड नव्हतीच. वीस-पंचवीस जितीजागती लेकरं, पण नकाशात नुसता जांभळा रंग!

सभेला आलं कोण? नव्या टॉवरमधली मंडळी, दुकानदार आणि माझे थोरले दीर मारुतराव, त्यांच्या मागं आमच्या भावकीची पोरं. वाहनतळाचा ठेका भावकीच्या पोरांना मिळंल असं कुणीतरी भावजींच्या कानात सांगितलं होतं. सगळ्यांनी हात वर केले. मी एकटी नको म्हटलं, तर भावजी म्हणाले, "बायकांना काय कळतंय गाड्यांचं?" सायलीनं लिहून घेतलं की लोकांचा कौल वाहनतळाला. पुढच्या महिन्यात शेवटची सभा, तीही रविवारीच, आणि मग शिक्का.

ज्याला भोसरी ठाऊक न्हाई त्याला सांगते. आमच्याकडं रविवार हा रविवार नसतो. कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. रविवारी मशीन चालू, शिफ्ट चालू, ओव्हरटाइम चालू. गल्लीत उरतात म्हातारे, पोरं आणि कुत्री. सायली पुण्याची, तिला बिचारीला काय माहीत? पण भावजींना? जन्म गेला इथं! त्यांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर "रविवार बरा" असं तेच पहिल्यांदा म्हणाले.

मी येऊन खातूनला सांगितलं. ती पोरांची खिमटी ढवळत होती. डाव हातातच राहिला आणि ती काही बोललीच न्हाई. खातून गप्प बसलेली मी तिच्या नवऱ्याच्या मयतीनंतर पहिल्यांदा बघितली. मला भीती वाटली, खरं सांगते. संध्याकाळी स्वरूपा ओवीला न्यायला आली. तिनं ऐकलं आणि पायरीवर बसली. म्हणाली, "मग मी न्हाईच म्हणून सांगते सुपरवायझरला. शेड गेल्यावर हिला कुठं ठेवू? गावाकडं जाते परत."

तेव्हा कुठं खातूनचा आवाज फुटला. "खबरदार! एक अक्षर बोललीस त्याला तर! अजून शिक्का पडला न्हाई."

दुसऱ्या दिवशी आमी दोघी पालिकेच्या कचेरीत. सायलीनं पाणी दिलं, खुर्ची दिली. खातून म्हणाली, "पोरी, सभा गुरुवारी ठेव. आमचं माणूस गुरुवारी घरी असतं." सायली म्हणाली, "मावशी, तारखा जाहीर झाल्यात. साहेब आता बदलायचे नाहीत. त्यांना एकच दिवस यायला सांगा ना, रजा टाकून."

"रजा टाकली तर नोकरी जाती. नोकरी गेली तर शेड वाचवू कशाला?"

पोरीनं तारखांचा कागद परत एकदा बघितला. वाईट वाटलं तिला, ते दिसत होतं. पण वाईट वाटून तारीख बदलत न्हाई.

परत येताना रिक्षात खातून म्हणाली, "गोजा, रविवारी घरी कोण असतं?" मी म्हटलं, "म्हातारे, पोरं आणि कुत्री." ती म्हणाली, "कुत्री राहू दे."

शेवटच्या सभेचा रविवार. हॉल भरलेला, स्टेजवर मोठे साहेब, बाजूला सायली, पुढच्या रांगेत भावजी पांढऱ्या टोपीत. साहेबांनी बोलायला सुरुवात केली आणि दार उघडलं. पुढं खातूनबी, कडेवर ओवी. मागं दोरीला धरून सगळी वरात. कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणाची चड्डी घसरलेली, एकाच्या हातात भाकरीचा तुकडा. शेवटी मी आणि अजून चार म्हाताऱ्या. खातूननं पोरांना रिकाम्या खुर्च्यांवर बसवलं. दोन पोरं लगेच खुर्चीखाली गेली. एकानं थेट पडद्यापाशी जाऊन जांभळ्या रंगाला हात लावला आणि त्याचा हातच जांभळा झाला. ते बघून बाकीच्यांना पण हात जांभळे करायचे होते. मग काय विचारता! साहेबांचा माईक एकीनं तोंडात घातला.

साहेब म्हणाले, "अहो, ही मुलं कुणाची?"

खातूननं आवाज काढला. तिला माईक कशाला लागतोय! "कामावर गेलेल्यांची, साहेब. तुमी म्हणला ना, वस्तीतल्या सगळ्यांनी या. आज घरी हीच होती, ही आणली. विचारा यांना, वाहनतळ पायजे का. आयांना विचारायचं असेल तर गुरुवारी विचारा."

भावजी उठले. "साहेब, हा तमाशा हाय. भाडेकरूंनी काय गावाचा आराखडा करायचा का?"

मग माझा तोल गेला. थोरल्या दिरापुढं मी कधी आवाज चढवला न्हाई, डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाई. पण त्या दिवशी चढवला. "भावजी, गावात राहिलंय कोण? तुमचा शेखर पिंपळे सौदागरला सोसायटीत. माझा रोहिदास तिकडं माण गावात, फ्लॅटमध्ये. सणाला येतात, जेवतात, जातात. परवा तुमाला चक्कर आली तर दवाखान्यात कुणी नेलं? युनूसनं. मग गाव कुणाचं वो?"

भावजी खाली बसले. आणि सायली उठली. साहेबांकडं वळून म्हणाली, "सर, वार निवडताना आपलं चुकलं. ज्यांच्यासाठी आराखडा आहे ते आलेलेच नाहीत. मला एक गुरुवार द्या." साहेबांनी कपाळ पुसलं. तेवढ्यात ओवीनं भोकाड पसरलं. साहेब म्हणाले, "दिला, दिला!"

आणि तो गुरुवार! अहो, काय सांगू तुमाला! सभा हॉलमध्ये न्हाई, मैदानातच. सकाळपासून माणसं येत होती. तेल लागलेल्या बोटांची, लातूरची, बीडची, बिहारची, कोकणातली. बायका केस धुऊन, ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. टॉवरमधली मंडळीही आली, आणि गर्दी बघून आपल्या मोबाईलमध्ये फोटो काढायला लागली. एवढी माणसं आपल्या शेजारी राहतात हे त्यांनाही पहिल्यांदा कळलं असणार.

सायलीनं कबड्डीच्या मंडळाकडून मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं मागवलं. म्हणाली, "पडद्यावर काही कळत नाही. आपण वाहनतळ इथं जमिनीवरच आखू, जेवढा आहे तेवढा." पोरांनी दोऱ्या धरल्या, फक्की पडली. गाड्यांनी आत यायचं दार निघालं ते बरोबर आमच्या गल्लीत, भावजींच्या चाळीसमोर. युनूस म्हणाला, "मारुतरावांचं म्हणणं हाय गाड्या सहज वळतील. हातच्या काकणाला आरसा कशाला? टेम्पो हाय माझा."

टेम्पो आला. भावजी स्वतः पुढं होऊन हात हलवायला लागले, "येऊ दे, येऊ दे, भरपूर जागा हाय!" युनूसनं पुढं घेतला, मागं घेतला, परत पुढं घेतला. सगळी सभा श्वास रोखून. मागचा हौदा भावजींच्या न्हाणीच्या भिंतीला जो टेकला, त्यानं वरच्या दोन विटा हलल्या. भावजी ओरडले, "थांब, मेल्या! भिंत पाडतोस का?" युनूस खिडकीतून म्हणाला, "मी न्हाई पाडत, भाऊ. आराखडा पाडतोय!"

असा हशा-टाळ्यांचा कडकडाट झाला की पलीकडच्या बिल्डिंगीतली माणसं गॅलरीत आली. भावजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि एकदम तेही हसायला लागले. माणूस हट्टी हाय, पण खोटा न्हाई. म्हणाले, "बरं बाबा, इथं न्हाई बसत. पण गाड्या लावायच्या कुठं? रस्त्यावर लावतात त्याचं काय?" हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. टॉवरमधल्या एका गृहस्थांनीही तेच विचारलं. मग बराच वेळ गलका झाला, आणि चाकणच्या फेऱ्या मारणारे टेम्पोवालेच म्हणाले की हमरस्त्यावरची जकात नाक्याची जागा कधीची ओस पडलीय, तिथं लावा, आमालाही तेच सोयीचं. भावजी म्हणाले, "हे मी आधीच म्हणणार होतो." आमी ऐकून घेतलं.

शेवटी साहेबांनी विचारलं, मैदानात काय पायजे? खातूनबी पुढं झाली आणि त्या दिवशी तिला बोलताच येईना. डोळ्यांतून पाणी, पदर तोंडावर. स्वरूपानं तिचा हात धरला आणि तीच बोलली. "साहेब, शेडच्या जागी पक्कं पाळणाघर. बाकीचं मैदान पोरांना मोकळं." साहेब म्हणाले, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." हात मोजायला सायली खुर्चीवर चढली आणि थोड्या वेळानं नुसतीच हसत खाली उतरली. भावजींचा हात वर होता. टॉवरमधल्या गृहस्थांचाही होता.

साहेबांनी तिथल्या तिथं काही कबूल केलं न्हाई, सरकारी माणसं ती. पण नवरात्र सरता सरता, एका गुरुवारी, सुधारलेला आराखडा शाळेच्या भिंतीवर लागला. आमी सगळ्या धावत गेलो. बायकांची ही गर्दी. स्वरूपा पुढं घुसली, बोट फिरवत फिरवत मैदानापाशी आली आणि मोठ्यानं वाचलं, "पाळणाघर." परत वाचलं. तिसऱ्यांदा एक एक अक्षर सुटं करून वाचलं. आणखी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, यापुढं या भागातल्या आराखड्याच्या सभा गुरुवारी होतील. ते मी वाचलं, चष्मा लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बायकांनी असा काही कल्ला केला की शाळेचे हेडमास्तर बाहेर आले.

त्या गलक्यातच स्वरूपानं फोन लावला. दुसरा कान हातानं दाबून धरला. "सर, मी स्वरूपा बोलते. त्या मशीनच्या बॅचचं... अजून जागा हाय का?"

आमी सगळ्या तिच्याभोवती सरकलो. पलीकडचा सुपरवायझर काय बोलत होता ते ऐकू येईना. स्वरूपाचा चेहरा बघून काही कळेना. खातूनबीनं ओवीला छातीशी घट्ट धरलेलं.

"हो सर," स्वरूपा म्हणाली. "न्हाई सर, एक पण खाडा न्हाई. लेकरू बीकडं असतंय." मग तिनं फोन खाली घेतला आणि आमच्याकडं बघून नुसती मान डोलावली.

"अगं मोठ्यानं सांग की!" खातूनबी ओरडली, आणि सगळ्या वस्तीला ऐकू गेलं.