शकूताईंनी वाचलेला शेरा

शकूताई भाटकर मिरकरवाड्यातल्या. आई पाटी घेऊन मासे विकायची आणि लेक शिकून जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत कारकून झाली. निवृत्तीनंतर त्यांनी बाजारातल्या बायकांना विचारून माशांची गावठी नावं जमवायला घेतली. चार वर्षांत दोनशे दहा मासे झाले, फोटोसकट. हे सगळं मांडलेली त्यांची वेबसाइट शाळांतली मुलं उघडत. तिचा पत्ता छापलेला कागद बाजारात बऱ्याच बायकांकडे होता.

एका सोमवारी बाजारात मासे विकणाऱ्या चिमाने मासे कापता कापताच विचारलं, "काय गो शकू, तुझी साइट मेली काय? माझी नात सकाळपासून शोधतेय."

शकूताईंनी घरी येऊन पाहिलं. खरंच उघडेना. भाचा ओमकार फोनवर म्हणाला, "मावशी, साइटच्या पत्त्याचं नाव गेलं वाटतं. दुसरं घे."

"दुसरं कसं घेऊ? चार वर्षं सगळे ह्याच नावाने येतात."

नाव कोणाचं आणि कुठल्या अवस्थेत आहे हे दाखवणारं एक पान इंटरनेटवर असतं, ते त्यांनी उघडलं. मुदत संपायला अजून सात महिने होते. खाली दोन शेरे होते. पहिला होता 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड'. प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधत गेल्यावर कळलं, हे तर साधं कुलूप. नाव कोणी परस्पर दुसरीकडे हलवू नये म्हणून लावलेलं. अडलं होतं ते दुसऱ्या शेऱ्यापाशी, 'क्लायंट होल्ड'. म्हणजे ज्या कंपनीकडे नाव नोंदवलं, तिनेच ते थांबवलं होतं.

शेरा दिसला की तो कोणी मारला आणि का मारला, हे आधी बघायचं, ही त्यांची कचेरीतली तीस वर्षांची सवय. त्यांनी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, पत्ता चालू आहे का याच्या खात्रीसाठी तुम्हाला ईमेल पाठवलेला. उत्तरच आलं नाही," पलीकडची मुलगी म्हणाली.

तो ईमेलचा पत्ता जुन्या फोनवरचा, कधीच बंद पडलेला. शकूताईंनी ओळखपत्र पाठवलं, नवा पत्ता दिला, आलेल्या दुव्यावर बोट दाबलं. संध्याकाळी शेरा निघाला आणि पहिल्या पानावरचा बांगडा पुन्हा दिसू लागला. त्या खुर्चीत बसून एकट्याच हसल्या.

पुढच्या महिन्यात मालगुंडहून ओळखीतल्या भाविकाचा फोन आला. ती घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवते. तिचीही साइट बंद होती. शकूताईंनी शेरा बघितला: 'रिडेम्प्शन पीरियड'.

"भाविका, मुदत वाढवायचे पैसे भरायचे राहून गेले तुझे. तरी तीस दिवस नाव सोडवून घेता येतं. त्यातले सहाच उरलेत. पुढे 'पेंडिंग डिलीट' लागलं की तुझ्या हातात काही नाही, मग ते कोणीही घेईल. आजच फोन कर."

"आत्ताच करते, काकू!"

चौथ्या दिवशी भाविकाचं नाव परत आलं. आता शकूताई दर शनिवारी वाचनालयात बसतात. ज्यांची ज्यांची साइट आहे, ते फोन घेऊन येतात आणि आपलं नाव कुठल्या अवस्थेत आहे ते स्वतः वाचायला शिकतात.